तराफ्याचे चार गोळे

१२ जानेवारी १९९८

ही वही रावजी फिटरनं दिली. म्हणाला, "कलाबाई, पंधरा दिवसांनी एकदा तराफा बघायचा आन् काय दिसलं ते हिच्यात लिहायचं." मी म्हटलं, मी चौथी नापास हाय. तो म्हणाला, "तारीख टाकता येती ना? बास."

तारीख टाकली. तराफा अजून पाण्यात उतरला नाही, मग लिहायचं काय? पण कोरं पान मला बघवत नाही. म्हणून जुना तराफा बुडाला ते लिहिते.

आमची जमीन धरणाच्या फुगवट्याला लागून. पावसाळ्यात पाणी बांधापर्यंत येतं आणि उन्हाळ्यात दोन शेतं मागं पळतं. मोटार काठावर बसवून भागत नाही, तरंगती लागते. डांबराच्या चार रिकाम्या पिंपांवर फळ्या आणि फळ्यांवर मोटार, असं दहा वर्षं चाललं. आमचे गुलाब आणि माझे दीर पुंजाराम यांचे टमाटे त्या एकाच मोटारीवर. आमचे मालक रोज सकाळी मोटार चालू करायला तराफ्यावर जातात. नाव गोटीराम. तोंडानं घेत नाही, वहीत लिहिलं तर चालतंय.

दिवाळीच्या मागं एका सकाळी एक पिंप फुटलं. गंजून गंजून पत्र्याचा कागद झाला होता. मालक मोटारीसकट पाण्यात. सगळा जन्म पाण्याकाठी गेला आणि माणसाला पोहता येत नाही. फळी हाताला लागली म्हणून वर राहिले. तेव्हापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. रोज सकाळी ते खाली गेले की परत येईपर्यंत माझं भाकरीत लक्ष नसतं. दोन भाकरी रोज करपतात.

रावजी तीस वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायचा. मी त्याला सांगितलं, पाणी किती फेकंल ते मला सांगू नको, माझा माणूस रोज कोरडा परत यायला पाहिजे एवढं कर.

त्यानं सातपूरच्या भंगारातून दोन लांबट लोखंडी टाक्या आणल्या. मधे सागाच्या फळ्या टाकून त्या जोडल्या. एक काठाकडची, एक पाण्याकडची. आणि दर टाकीला दोन दोन पांढरे गोळे बोल्टानं आवळले. गोळा म्हणजे विटेसारखा चौकोनी, तेवढाच, पण हातात घेतला तर वजनच नाही. मी म्हटलं, रावजी, हा धातू हाय का बत्तासा? फसवलं तुला कुणीतरी. तो हसला. मॅग्नेशम की काय म्हणतात त्याला. मुंबईहून मागवलाय.

म्हणाला, "गंजाला खायला पाहिजेच असतं. आपण त्याच्यापुढं हा गोळा ठेवायचा. जवर गोळा हाय तवर तो लोखंडाला तोंड लावत नाय. मोठमोठ्या जहाजांना असंच करतात."

पटलं नाही. पण तीस वर्षं गोदीत काढलेल्या माणसाशी किती भांडायचं.

वहीच्या पहिल्या पानावर त्यानं काहीतरी खरडून ठेवलंय. डॉक्टरसारखं अक्षर. मला लागत नाही. वेळ पण नाही.

२० जानेवारी

तराफा पाण्यात उतरवला. नारळ फोडला. मालक त्याच्यावर उभे राहिले तेव्हा डुलला पण नाही.

पुंजाराम भावजी काठावर उभे राहून म्हणाले, "वहिनी, लोखंडाला बत्तासे बांधलेत. मासे गोड व्हतील आता." सगळे हसले. मी म्हटलं, भावजी, तुमचे टमाटे याच पाण्यावर हायेत, गोड झाले तर सांगा.

रावजी पुढच्या आठवड्यात मुंबईला पोराकडं चाललाय. डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग तिकडंच राहणार म्हणतो. वही सांभाळा म्हणाला.

रात्रीची भांडी झाल्यावर सुवर्णा, माझी सून, वही घेऊन आली. ती विंचूरची. दहावी झालेली आहे, त्यामुळं कुठंही अक्षर दिसलं की वाचत बसते, वाण्याच्या पुडीवरचं पण. म्हणाली, "आत्याबाई, पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्यात. वाचून दाखवते. एक, बोल्ट घट्ट हायेत का बघणे..."

मी म्हटलं, बोल्ट मला कळतात. ठेव वही आणि उद्याचं पीठ बघ. ठेवली.

३ मार्च

तराफा ठीक. बोल्ट घट्ट. गुलाबाला मावा पडलाय.

२४ मे

पाणी लय मागं गेलं. तराफा चिखलाजवळ आलाय, टाक्या निम्म्या उघड्या पडल्या. गोळे बघितले. चारच महिने झालेत, तर गोळ्यांवर पांढरी बुरशी आली आहे, खड्डे पडलेत. देवीचे व्रण असतात तोंडावर तसे. टाक्या मात्र कोऱ्या करकरीत.

भावजी बघून गेले. "मुंग्यांनी साखर खाल्ली जणू. वहिनी, फिटरनं मुंबईची तिकिटं काढली ती यातूनच काय?"

मला राग कशाचा आला? भावजींचा नाही, ते तसेच आहेत. गोळ्यांचा आला. सगळ्यांच्या देखत मी त्यांची बाजू घेतली होती आणि हे असे कुजायला बसले. नव्या वस्तूनं नवं दिसावं की नाही?

३० सप्टेंबर, खंडेनवमी

आज सगळी हत्यारं धुतली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, मालकांची सायकल. तराफा दोरानं काठाला ओढून घेतला. ज्याच्यावर पोट आहे त्याची आज पूजा करायची, तर तराफा कसा सोडायचा?

गोळे तारेच्या ब्रशनं घासघासून पांढरे केले. मग घरात दाराला लावून उरलेला तांबडा ऑइलपेंट होता, त्याचा एक हात दिला. दारं टिकतात रंगानं, हे नाही टिकायचं? चुलत सासूबाई सिंधुबाई वाटीत तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "पाण्यातलं हाय ना ते? मग आसराला सोडून कसं चालंल? पाण्यात साती आसरा असतात, देवीच त्या. चार तर चार." रंग जरा सुकल्यावर त्यांनी चारी गोळ्यांना जाड शेंदूर थापला. हळद-कुंकू वाहिलं. झेंडूची माळ घातली. काय सुरेख दिसत होते. मला पहिल्यांदा त्या गोळ्यांचा अभिमान वाटला.

सुवर्णा मधेच म्हणाली, "आत्याबाई, रावजीमामांनी लिहिलंय गोळ्यांना काही लावू..."

मी म्हटलं, सणाच्या दिवशी तोंड उघडायचं तर चांगल्यासाठी उघडावं. सिंधुबाईंनी पण तिच्याकडं बघितलं. मग ती झेंडू ओवायला लागली.

ज्ञानेश, माझा मुलगा, सातपूरला कंपनीत आहे, दुसऱ्या पाळीला जायच्या घाईत होता. सुवर्णानं त्याला दाराशी काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "आईच्या नादी लागू नको." मला ऐकू आलं. बरं बोलला.

१८ नोव्हेंबर

तराफा ठीक. शेंदूर अजून लालभडक.

सुवर्णा दुपारी धुणं घेऊन जाते ती तास तास येत नाही. आज तिला विचारलं, धुणं धुते का पाण्याला गोष्टी सांगते? म्हणाली, झालंच आत्याबाई. पोळ्या लाटताना तिची नखं बघितली. नखांच्या आत तांबडं. शेंदूर.

मग माझ्या ध्यानात आलं. लग्नाला तीन वर्षं झाली. पोर नाही. आसराला नवस बोलली असणार, आणि गुपचूप पूजा करत असणार. मी काही बोलले नाही. मी दगड नाही. पण बोलायचं तर घरात बोलावं, मी काय नाही म्हटलं असतं?

२ डिसेंबर

बाजाराच्या दिवशी फुलं घेऊन पंचवटीत गेले. माझ्या ओळीला बसणाऱ्या बायकांना सांगितलं, सुनेनं आसराला नवस केलाय. गोजराबाई म्हणाली, गुण येतो. परतीच्या टेम्पोत भावजींना पण सांगितलं. सांगून बरं वाटलं.

११ जानेवारी १९९९

आज मी स्वतः तिच्या मागं गेले. सुवर्णा तराफ्याच्या फळीवर पालथी पडली होती. काठाकडच्या बाजूला. एक हात खांद्यापर्यंत पाण्यात. पदर भिजलेला, थंडीनं ओठ निळे. दुसऱ्या हाताजवळ विळा.

माझं डोकं फिरलं. खाली दोन पुरुष पाणी आहे, एक फळी सरकली असती तर? एकाला त्या पाण्यातून वर काढलंय, तेवढं पुरे झालं. हाताला धरून ओढलं. ती म्हणाली, "ऐका तरी आत्याबाई, तो रंग जर..." मी म्हटलं, घरी चल. नवस घरी बसून पण पुरा व्हतो. आजपासून तराफ्यावर पाय ठेवायचा नाही. धुणं विहिरीवर.

ती वाटेत एकदा थांबली. "निम्मंच झालं," म्हणाली. मी म्हटलं, निम्म्या नवसाला देव नाही म्हणत नाही. चल.

रात्री जेवली नाही. थंडी भरली असेल. काढा करून दिला.

१६ मे

पाणी मागं गेलं. गोळे बघितले. नवल आहे.

पाण्याकडच्या टाकीचे दोन्ही गोळे जसे लावले तसे. कोपरा पण झिजलेला नाही. शेंदूर जरा फिका, बाकी नवे. काठाकडचे दोन मात्र खाऊन खाऊन पेरूएवढे राहिलेत. शेंदराचा पत्ता नाही. सोडा-साबणाचं पाणी लागलं असणार, सुवर्णा तिथंच धुणं धुवायची ना. नवस करताना पण अक्कल लागते.

भावजींना बोलावून पाण्याकडचे दाखवले. म्हटलं, बघा, नीट निगा ठेवली की धातू टिकतो. ते खाली वाकून बघून म्हणाले, "खरं हाय. मी उगा हसलो." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला दीड वर्ष लागलं.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाण्याकडच्या गोळ्यांना पुन्हा रंग आणि शेंदूर. काठाकडचे दोन मरायला टेकलेत, त्यांच्यावर रंग कशाला वाया घालवा? नुसतं कुंकू लावलं.

सुवर्णा आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. तिचं अलीकडं सारखं काहीतरी दुखतं. बोलत पण कमी. पूर्वी वाण्याच्या पुड्या मोठ्यानं वाचायची, ते पण बंद झालं. मला शांतता पाहिजे होती, आता मिळाली तर घर रिकामं वाटतं. माणसाचं काही खरं नाही.

९ फेब्रुवारी २०००

तराफा ठीक. खूप दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय, गुलाब तोडा, जुड्या बांधा, गाडीला द्या.

२८ मे

पाण्याकडच्या टाकीला खालून तांबडे फोड आलेत. बोटानं दाबला तर फुटला, आत काळं पाणी. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "शेंदूर उतरला असंल." मला पण तेच वाटलं. काठाकडच्या टाकीला शेंदूर नव्हता, म्हणून तिला फोड नाहीत. मग घासून टाकीला एक रंगाचा हात दिला.

सुवर्णा चहा घेऊन आली होती. फोडांकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "काय नाय." कप घेऊन गेली.

रावजीचा पत्ता कुणाकडं नाही. गोळे बारीक झाले की कळवा म्हणाला होता. कळवणार कुठं?

६ ऑक्टोबर, खंडेनवमी

रंग. शेंदूर. नारळ. यंदा मालकांनीच पूजा केली. तराफ्यावर मांडी घालून बसले होते, डुलत. म्हणाले, "ही आपली बैलजोडी." मी म्हटलं, बैलाला निदान पोहता येतं.

९ फेब्रुवारी २००१

अक्षर नीट येत नाही. तरी लिहिते.

सकाळी साडेसातला मी कळ्या तोडत होते. एकदम आवाज आला. मोठा नाही. घागर विहिरीत बुडते तसा गुडगुड. वळून बघितलं तर तराफा पाण्याकडं कलला होता. मोटार फळीवरून घसरत घसरत गेली आणि दिसेनाशी झाली. मालक दिसेनात.

मी पळाले. किती वेळ पळाले माहीत नाही, शेत संपेचना. बघते तर काठाकडची टाकी वर आलेली, आभाळाकडं तोंड करून, आणि मालक तिच्या कडीला दोन्ही हातांनी लोंबकळलेले. कमरेपर्यंत पाण्यात. मला बघून म्हणाले, "आंघूळ झाली." मला त्यांना मारावंसं वाटलं.

सुवर्णा माझ्या आधी पोचली होती. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं दोर धरला होता. भावजी आले, दोघांनी ओढून काढलं. हाताची सालटी गेलीत, बाकी काही नाही. पाण्याकडची टाकी बुडाली. काठाकडची तरली. ती पण बुडाली असती तर मी हे लिहीत नसते.

आज भाकरी केल्या नाहीत. सुवर्णानं केल्या.

१७ फेब्रुवारी

रावजी आला. भावजींनी पंचवटीत त्याच्या भाच्याला गाठून निरोप धाडला होता. म्हातारा झालाय, जाड भिंगाचा चष्मा. टाक्या काठावर ओढून ठेवल्या होत्या. त्यानं हातोडी घेतली. काठाकडच्या टाकीवर मारली, घंटेसारखी वाजली. पाण्याकडचीवर मारली तर भद्द. दुसऱ्या ठोक्याला हातोडी आतच गेली.

"चाळण झाली," म्हणाला. "ही अशी आन् ती तशी. दोन्ही एकाच भंगारातल्या. असं कसं?"

मग त्यानं गोळे बघितले. काठाकडचे लिंबाएवढे राहिलेले. त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाला, "यांनी काम केलं. कुजलेले दिसतात ना? तेच यांचं काम. आता संपत आलेत, बदलायला झाले." मग पलीकडचे बघितले. अख्खे. लाल. नखानं खरवडलं तर शेंदूर, त्याच्याखाली रंग, मग पुन्हा शेंदूर, पुन्हा रंग. चष्मा काढला.

"यांना कुणी फासलं?"

मला काही कळेना. मी म्हटलं, रावजी, ते तर चांगले राहिलेत. तो म्हणाला, "कलाबाई, ते चांगले राहिले म्हणून तर टाकी गेली. त्यांचं तोंड बंद केलं कुणीतरी. गंजाला ते खायला मिळाले नायत, मग त्यानं लोखंड खाल्लं."

म्हटलं, मग त्या बाजूच्या गोळ्यांनी या टाकीला का नाही वाचवलं?

"मधी लाकूड हाय, लोखंडाला लोखंड भिडत नाय. त्यांची राखण त्यांच्या टाकीपुरती."

मग भावजी म्हणाले, "सुवर्णाच असायची हितं, देवदेव करत. वहिनीच सांगत होत्या, आसराला नवस केलाय. नखं लाल असायची म्हणून."

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. वाट बघत होती.

आणि मी गप्प बसले. मी, कलाबाई. भर बाजारात दलालाला तोंडावर चोर म्हणणारी. रावजी म्हणाला, "पोरी, मी लिहून ठेवलं होतं गं." सुवर्णा मान खाली घालून घरी गेली.

मालक ऐकू न येणाऱ्या कानाला हात लावून विचारत होते, काय झालं, काय झालं. कुणी सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज पहिलं पान वाचलं. उन्हात ओट्यावर बसून, बोट ठेवून. एक एक अक्षर. दुपारची सावली उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा संपलं. इथं उतरवते, माझ्या अक्षरात, म्हणजे मला पुन्हा लागेल.

एक, बोल्ट घट्ट आहेत का बघणे. दोन, गोळा निम्मा झिजला की मला कळवणे, मुंबईचा पत्ता मागच्या पानावर आहे. तीन, गोळ्याला रंग, डांबर, तेल, शेंदूर काही काही लावू नये. लावल्यास गोळा राहील आणि टाकी जाईल.

शेंदूर हा शब्द त्यानं लिहिला होता. आम्हाला ओळखून होता. पत्ता पण होता. तीन वर्षं ही वही माझ्या हाताखाली होती.

सुवर्णा गुलाबाच्या जुड्या बांधत होती. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, तुझी नखं तांबडी का असायची?

"खरवडत होते." मान वर केली नाही. "विळ्याचं टोक चालत नव्हतं गोळ्याच्या खालच्या अंगाला. मग नखांनी."

"नवस नव्हता?"

तिनं जुडी खाली ठेवली. "कसला नवस?"

सांगितलं तिला. बायकांना काय सांगितलं होतं ते, टेम्पोत काय सांगितलं ते. ती हसायला लागली. हसताना डोळ्यांत पाणी. किती दिवसांनी हसली. "म्हणून गोजराबाई मला दर बाजाराला खारीक-खोबरं द्यायच्या."

"काठाकडचे दोन्ही साफ झाले होते," म्हणाली. "पाण्याकडचे राहिले. मग तुम्ही आलात."

निम्मंच झालं म्हणाली होती ती. ते हे.

मी म्हटलं, अगं मग बोलायचं ना. घसा फोडून बोलायचं. पाण्याच्या बाबतीत कसली लाज?

"सांगितलं होतं आत्याबाई. तीनदा."

मी म्हटलं, कधी? ती पुन्हा जुडी बांधायला लागली.

मागची पानं उलटली. २० जानेवारी. ३० सप्टेंबर. ११ जानेवारी. तीनदाच. तिचं बोलणं दर वेळी अर्धं आहे आणि पुढचं माझं आहे. माझ्याच अक्षरात. मालक ज्या कडीला लोंबकळले होते ती कडी पण काठाकडचीच.

१९ फेब्रुवारी

सकाळी भावजींच्या ओट्यावर गेले. ते जेवायला बसले होते, रावजी मुक्कामाला होता तो पण शेजारी. सिंधुबाई वाढत होत्या.

मी उभ्यानंच म्हटलं, भावजी, गोळ्यांना रंग मी लावला. शेंदूर पण माझ्या देखत, माझ्या सांगण्यावरून. तीन वर्षं. सुवर्णा काढत होती. तिनं जेवढं काढलं तेवढ्यावर तुमचा भाऊ जिवंत हाय. नवस-बिवस काही नव्हता, ते मी बनवलं.

भावजींचा घास हातातच. सिंधुबाई म्हणाल्या, "शेंदूर तर मी..." मी म्हटलं, तुम्ही पूजा केली. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

भावजी म्हणाले, "बसा की वहिनी."

म्हटलं, बसायला नाही आले. जेवा.

वाटेत पाय हलके नव्हते. लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटतं. मला तर दमल्यासारखं वाटलं.

बुधवारी पंचवटीत पण सांगायचं आहे. गोजराबाईला खारीक परत द्यावी लागेल का?

२२ एप्रिल

नवी टाकी आली. सहा गोळे, एकेका टाकीला तीन. फळीवर मोठ्या अक्षरात सुवर्णाकडून लिहून घेतलं, त्याच तांबड्या ऑइलपेंटनं: गोळ्यांना काही लावू नये. सिंधुबाईंना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी सुवर्णानं शेजारी वाटीचं चित्र काढून त्याच्यावर फुली मारली.

मालकांना सुवर्णा विहिरीत पोहायला शिकवणार होती, कमरेला वाळका भोपळा बांधून. ती स्वतः शाळेत असताना शिकलीय म्हणे, मला माहीतच नव्हतं. मालक म्हणतात, "या वयात?" अजून गेलेले नाहीत.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी

विळे, खुरपी, पंप, सायकल धुतली. तराफा काठाला ओढला. सिंधुबाई वाटी घेऊन आल्या. त्यांना बांधावरच्या दगडाकडं घेऊन गेले, तिथं शेंदूर लावला, माळ घातली, नारळ फोडला. आसराला तो दगड चालेल. चालत नसेल तर माझ्यापाशी येऊन सांगावं.

मग गोळे बघितले. सहा महिन्यांत काय अवस्था. पांढरी बुरशी, खड्डे, एकाचा कोपरा तुटायला आलेला. सणाच्या दिवशी असं बघवत नाही. हात शिवशिवला. निदान ब्रशनं घासावं, नुसतं कुंकवाचं एक बोट...

मागून सुवर्णा म्हणाली, "आत्याबाई, हात मागं."

हात मागं घेतला. ती वाकली, एकेक बोल्ट पान्यानं तपासला, मला म्हणाली, "लिहा, घट्ट." म्हणून लिहिते. घट्ट.

मालक मोटार चालू करायला गेले. तराफा जरा डुलला. मी इथं बांधावर वही मांडीवर घेऊन बसले होते, खाली बघून लिहीत होते, मुद्दाम. पाइपातून पाणी सुटल्याचा आवाज आला, मग फळीवर पावलं. माझ्यासमोर येऊन थांबली. वर न बघता आधी चपला बघितल्या.

कोरड्या होत्या.